एचडीएचा एसडीए झाला तेव्हा

गोडाऊनमध्ये आलेला माल आज ना उद्या बाहेर जातो. किस्से जात नाहीत. त्यांचा गेटपास कुणी बनवत नाही, त्यांना न्यायला कुणाचा ट्रक येत नाही, आणि सात-आठ वर्षांत ते थेट पत्र्यापर्यंत लागतात. मी भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोडाऊनचा कॉम्प्युटर सांभाळायचो, त्यामुळे माझ्याकडचा साठा सगळा कॉम्प्युटरचा. त्यातही डिस्कच्या नावांचा. हा विषय रुक्ष आहे असं काही लोक म्हणतात. त्यांनी तो तात्यांच्या हाताखाली केलेला नाही!

तात्या म्हणजे आमचे मालक. वाडवडिलांची भातशेती. आजूबाजूला गोडाऊनं उभी राहिली तशी तात्यांनीही आपल्या शेतांवर गाळे बांधले आणि मोठ्या कंपन्यांचा माल ठेवायला घेतला. साबण, बिस्किटं, पंखे, काय वाटेल ते. कुठला माल कुठल्या गाळ्यात आहे हे वामनकाका रजिस्टरमध्ये लिहायचे. मग कंपन्या म्हणायला लागल्या, "आम्हाला स्टॉक कॉम्प्युटरवर हवा." म्हणून मी आलो. टेमघरचा डिप्लोमावाला, वय चोवीस आणि डोक्यात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम. तात्यांना म्हटलं, हे फुकट मिळतं. त्यांनी पुढचं काही ऐकलं नाही.

एंट्री करायला सुवर्णा होती. वळचीच, तात्यांच्या भावकीतली, बारावी झालेली. ट्रक वजनकाट्यावरून उतरायच्या आत तिची एंट्री झालेली असायची.

तात्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली. "दोनदा बंद पडू दे. मी काय बोलणार न्हाय. पन तिसऱ्यांदा बंद पडला का रजिस्टर! मंग तू पन घरी आन ही पन घरी."

मला घरी बसायची फारशी भीती नव्हती, ठाण्यात नोकऱ्या होत्या. सुवर्णाची गोष्ट वेगळी होती. घरात पगार आणणारी ती पहिली मुलगी, आणि तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. लग्न ठरलं की मुलगी नोकरी सोडते, असा तिकडे रिवाज. तिला ती सोडायची नव्हती. मला म्हणाली, "सर, काय पन करा. फक्त तीन होऊ देऊ नका."

वामनकाकांनी रजिस्टर बंद केलं नव्हतंच. ते आपले कोपऱ्यात बसून रोज लिहायचे आणि वाट बघायचे.

* * *

आधी गाळ्यांच्या नंबरांचं सांगतो. तात्यांनी गाळ्यांना नंबर दिले होते, रस्त्याकडून मोजत. एक, दोन, तीन, चार. छान चाललं होतं. मग त्यांनी रस्त्याच्या कडेला आणखी एक गाळा बांधला. तो सगळ्यात पुढे, म्हणून तो एक नंबर झाला. पेंटरला बोलावून बाकीच्यांचे नंबर एकेकाने पुढे ढकलले. कुणाला काही सांगितलं नाही, कारण भिंतीवर लिहिलेलं होतंच.

दुसऱ्या दिवशी साबणाच्या गाळ्यात बिस्किटं उतरली. आठवडाभर त्या बिस्किटांना लिंबाचा वास येत होता.

वामनकाकांचा एकही खोका चुकला नाही. ते नंबर वापरतच नसत. ज्या शेतावर गाळा उभा, त्या शेताचं नाव त्या गाळ्याला. "भाटीत उतरव", "खारीत लाव", "वडाच्या गाळ्यात बघ." नवीन गाळा बांधा, पाडा, रंग द्या, भाटी ती भाटी.

एकदा एक नवीन ड्रायव्हर आला, उत्तरेकडचा. काका त्याला म्हणाले, "वडाच्या गाळ्यात जा." तो अर्धा तास फिरून परत आला. "चाचा, बरगद का पेड़ तो कहीं है ही नहीं!"

"नहीं है," काका म्हणाले. "तोड़ा. तभी तो गाला बना."

ड्रायव्हरला ते पटलं आणि तो बरोबर जागी गेला. कसा गेला, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

आता पहिल्यांदा मशीन बंद पडलं तो किस्सा.

लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कला नाव असतं. आमची डिस्क जुन्या पद्धतीची, रुंद पट्ट्याच्या केबलची. तिचं नाव एचडीए. मशीन चालू झालं की आधी एचडीएला शोधायचं, तिच्यावरून सगळं वाचायचं आणि कामाला लागायचं. मी जिथे जिथे लिहायचं तिथे एचडीए असं लिहून ठेवलं होतं.

लिनक्सचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात. दोन हजार सातच्या आसपास मी एका सकाळी हौसेने नवीन कर्नल टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. जुना उत्तम चालत होता. पण नवीन निघालाय आणि आपल्याकडे नाही, हे मला सहन व्हायचं नाही.

मशीन रिस्टार्ट केलं. स्क्रीनवर आलं की एचडीए नावाची डिस्क इथे नाही.

डिस्क तिथेच होती. गरगर फिरत होती, मी कान लावून ऐकली. झालं असं होतं की नव्या कर्नलच्या लोकांनी डिस्क ओळखायची पद्धत बदलली होती, आणि आजवर ज्यांना एचडीए म्हणत त्यांना आता ते एसडीए म्हणायला लागले होते.

बाहेर नऊ ट्रक उभे. तात्या आले. मी खरं ते सांगितलं.

"तात्या, डिस्कचं नाव बदललंय."

"कुनी बदललं?"

"कर्नल लिहिणाऱ्यांनी."

"कुठं रहातात?"

"जगभर."

तात्यांनी जरा विचार केला. "डिस्क आपली. आपल्या घरात बसलेली. आन नाव त्यांनी बदललं. मना न इचारता?"

"हो."

"मंग जुन्या नावानं हाक मार."

"ओ देत नाही."

दीड तास लागला. सगळीकडचं एचडीए खोडून एसडीए केलं आणि मशीन उठलं. वामनकाकांनी तोवर नऊच्या नऊ ट्रक रजिस्टरवर रिकामे करून घेतले होते. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कॉम्प्युटर बंद. कारण नाव बदलले."

तात्या जाताना एक बोट वर करून गेले. सुवर्णा दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

* * *

मला राग आला होता. मी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या चर्चेत माझ्या इंग्रजीत एक लांबलचक तक्रार लिहिली. नऊ ट्रकांचा उल्लेख केला. कुणातरी भल्या माणसाने उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा, की ही नावं कायम राहतील असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. ज्या क्रमाने डिस्क सापडते त्या क्रमाने नाव पडतं. तुम्ही नावावर विसंबलात ही तुमची चूक.

मी ते तात्यांना मराठीत करून वाचून दाखवलं. मला वाटलं तेही चिडतील, जरा बरं वाटेल.

तात्या शांतपणे म्हणाले, "आधी सांगत न्हाय. मंग बोलतात, आम्ही कुठं सांगितला होता? बिल्डर दिसतंय कुनीतरी."

* * *

मग सुवर्णाची होणारी सासू नोकरी बघायला आली. मुलगा शेलार गावचा, संजय. पॉवरलूमवर फिटर, साधा माणूस. सासूचं म्हणणं एवढंच होतं की सून जिथे बसते ती जागा मला बघायची आहे.

आली, खुर्चीवर बसली, चहा घेतला, मशीनकडे बराच वेळ बघितलं.

"ह्यो बंद पडतो काय?"

सुवर्णा म्हणाली, "न्हाय." मी खिडकीतून बाहेर बघत होतो. वामनकाकांनी रजिस्टरचं पान उलटलं, जरा जोरात.

"नोकरी हाय तवर करू दे," सासू म्हणाली. "मना काय त्रास न्हाय. बंद झाली तर घरी दोन म्हशी हायत."

ती गेल्यावर सुवर्णा मला म्हणाली, "सर, म्हशी चांगल्या असतात. मी काय बोलत न्हाय. पन मना कीबोर्डवर बसायचंय." तिने ते इतक्या सरळपणे सांगितलं की त्यानंतर बरेच महिने मी नवीन कर्नलकडे ढुंकून बघितलं नाही.

* * *

म्हणून दुसऱ्यांदा बंद पडलं ते कर्नलमुळे नाही. ते सफाईमुळे.

मी नवीन मशीन घेतलं होतं, त्यात दोन डिस्क. एक कामाची, एक बॅकअपची. रोज एक वाजता जेवणाच्या सुट्टीत पहिली डिस्क जशीच्या तशी दुसरीवर कॉपी व्हायची. पहिली एसडीए, दुसरी एसडीबी. एसडीएवरून उचल, एसडीबीवर टाक. मी स्वतःवर खूश होतो.

आता भिवंडीत राहणाऱ्याला सांगायला नको, इथे हवेत सूत असतं. लूमचा कापूस उडतो आणि जिथे पंखा असेल तिथे जाऊन बसतो. आमच्या मशीनच्या आत वर्षभरात एक छोटी उशी तयार व्हायची. ती काढायला रफीकभाई यायचे. आधी लूम दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर करायला लागले. हत्यारं तीच. लूम साफ करायचा ब्लोअर आणायचे आणि मशीनचं सगळं आतडं बाहेर काढून फुंकायचे.

एका मंगळवारी साडेबाराला त्यांनी सफाई उरकली, केबली परत लावल्या, चहा पिऊन गेले. दोन केबलींची अदलाबदल झाली होती. म्हणजे बॅकअपवाली डिस्क झाली एसडीए आणि कामाची झाली एसडीबी. मशीनला काहीच वाटलं नाही. दोन्हीवर जवळजवळ सगळं सारखंच होतं. ते बॅकअपवरून उठलं आणि कामाला लागलं. इतकं सुरळीत उठलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

एक वाजला. मी डबा उघडला. मशीनने एसडीएवरून उचललं, एसडीबीवर टाकलं.

एक वाजून दहा मिनिटांनी सुवर्णा म्हणाली, "सर, काल दुपारनंतर आपण कायच काम केलेलं न्हाय."

बॅकअपची डिस्क काल एक वाजेपर्यंतची होती. त्यानंतरच्या चौदा ट्रकांच्या एंट्र्या फक्त कामाच्या डिस्कवर होत्या. तिच्यावर आता कालचं जुनं चढलं होतं. तात्या नेमके दारात.

"काय झालं?"

मी डब्याचं झाकण लावलं. सुवर्णानेच सांगितलं, "तात्या, काल दुपारनंतर हितं कुनी काम केलं न्हाय, असं मशीन बोलतंय."

"ते मना म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "मशीनला कसं कललं?"

चौदा ट्रक वामनकाकांच्या रजिस्टरमधून परत भरावे लागले. काका चष्मा लावून वाचत होते, सुवर्णा टाइप करत होती. काका मुद्दाम सावकाश वाचत होते, एकेका ट्रकनंतर पाणी पीत होते. दुपारचे चार वाजले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "कॉम्प्युटर बंद. कारण नावांची अदलाबदल." रफीकभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "मैंने तो सिर्फ सफाई की." ते अक्षरशः खरं होतं.

तात्यांनी या वेळी दोन बोटं वर केली. सुवर्णाने तोंड फिरवलं. ती रडत होती, आणि दोष सगळा माझा होता.

* * *

त्या रात्री टेमघरला घरी जेवताना मला वामनकाकांची भाटी आठवली. केबलीच्या क्रमावर नाव ठेवायचंच कशाला? डिस्कच्या अंगावरच नाव लिहायची सोय लिनक्समध्ये असते, लेबल म्हणतात. मग डिस्क कुठल्याही केबलला लावा, कर्नल कुठलाही टाका, मशीन लेबल वाचून बरोबर ती शोधून काढतं. हे मला दोन वर्षं माहीत होतं. आळस, दुसरं काय!

सकाळी तात्यांना सांगितलं, "तात्या, आता डिस्कला आपण नाव द्यायचं. आपलं. ते कुणी बदलू शकणार नाही."

तात्या पहिल्यांदाच कॉम्प्युटर रूममध्ये आत येऊन बसले. "बाबांचं नाव दे," म्हणाले. "बालाराम. दुसरीला आयचं. हिराबाई."

दिलं. त्यानंतर तात्या त्या खोलीत चप्पल काढून यायचे. बिडी बाहेर विझवायचे. मी एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होतो, "हिराबाई भरत आलीय, साफ करावी लागेल," तर तात्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि दुसऱ्या दिवशी मोठी डिस्क मागवली.

आणि मशीन सुरळीत चालत राहिलं. रफीकभाईंनी केबली उलट्या लावल्या, चाललं. मी धाडस करून नवीन कर्नलही टाकला, चाललं.

सहाएक महिन्यांनी लाईट गेली आणि मशीन परत चालू केलं. लिनक्समधल्या डिस्कची एक सवय असते, बरेच दिवस तपासणी झाली नसेल तर मशीन चालू होताना अडून बसते. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. तात्या शेजारी उभे होते.

"काय लिवलंय?"

सुवर्णाने मराठीत करून वाचलं, जसं होतं तसं. "बालाराम यांना एकशे ऐंशी दिवस तपासलेलं नाही. तपासणी सक्तीची आहे."

बाहेर ट्रक हॉर्न वाजवत होते. वीस मिनिटं लागणार होती. मला वाटलं, झालं, हे तिसरं. सुवर्णाने डोळे मिटून घेतले होते.

तात्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "खरं हाय. शेवटी शेवटी डाक्टरकडं न्यायला उशीरच झाला." मग बाहेर जाऊन त्यांनी ड्रायव्हर लोकांना हॉर्न बंद करायला सांगितलं. परत आले. "तपासू दे," म्हणाले. "घाई करू नको."

ती वीस मिनिटं त्यांनी मोजली नाहीत. मीही विषय काढला नाही.

* * *

सुवर्णाचं लग्न मे महिन्यात झालं. दुपारी वळला अक्षता पडल्या, आणि पाच वाजता वरात शेलारला पोचली. नवरी तात्यांच्या गाडीतून गेली, त्यामुळे तात्या, वामनकाका आणि मी तिघंही तिच्या सासरी जाऊन पोचलो. नोकरीचं अजून तसंच टांगलेलं होतं. आहे तोवर कर, असं सासूचं, आणि दोन झालेत, असं तात्यांचं.

माप ओलांडून झालं. आतल्या खोलीत लक्ष्मीपूजन मांडलं होतं. पाटापुढे तांदळाचं ताट. नवऱ्याने अंगठीने त्या तांदळात नवरीचं नवीन नाव काढायचं असतं. भटजींनी विचारलं, "नाव काय ठरलंय?"

"संजना," सासू म्हणाली. मुलगा संजय, म्हणून सून संजना. सगळ्यांना आवडलं. सुवर्णा खाली मान घालून बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तसं विचारायची पद्धतही नव्हती.

संजयने अंगठी धरली आणि तांदळात पहिलं अक्षर काढलं.

"थांब!"

तात्या दारात उभे होते. हातात सरबताचा ग्लास. खोलीतल्या सगळ्या बायका वळल्या. बाहेरचा बँजो नेमका त्याच वेळी थांबला.

"नाव बदलायचं न्हाय," तात्या म्हणाले.

सासूचा चेहरा उतरला. "का? काय झालं तात्या? पोरीचं काय हाय काय?"

"पोरीचं काय न्हाय. माझ्याकडं नाव बदललं का मशीन बंद पडतंय. पयल्यांदा बदललं, बंद. मंग अदलाबदल झाली, बंद. दोन झालेत. हिचं नाव मशीनमधी हाय. तुमी बदला, आन सोमवारी तिसऱ्यांदा बंद पडलं का मी रजिस्टर काढनार. मंग मना बोलायचं न्हाय."

भटजींनी सगळीकडे बघितलं आणि खोलीत कॉम्प्युटरवाला मी एकटाच, म्हणून मला विचारलं, "असं होतं का हो?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. डिस्कचं नाव वेगळं, माणसाचं नाव वेगळं, लॉगिन वेगळं, एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही. मी तोंड उघडलं. मुंडावळ्यांच्या आडून सुवर्णा माझ्याकडे बघत होती.

"होतं," मी म्हणालो.

"दोनदा झालंय," वामनकाका म्हणाले.

संजयने आईकडे बघितलं. आईने तात्यांकडे बघितलं, मग ताटाकडे, मग सुस्कारा सोडला. संजयने ताट हलवलं. तांदूळ परत सपाट झाले. अंगठी हातात धरून त्याने हळूच विचारलं, "मंग काय लिवू?"

"सुवर्णा लिवा," सुवर्णा म्हणाली. "सोमवारी नऊला ड्युटी हाय."